बातम्यांचा थेट दुवा कसा शोधायचा?

स्तर ५ : वाचन आणि कृती

हा पाठ फोनवर वाचलात तरी चालेल. पण करून बघताना मात्र लॅपटॉप किंवा संगणक घ्या, कारण जे साधन आपण वापरणार आहोत ते फोनच्या ब्राउझरमध्ये सहज मिळत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हा मराठी वाचनाचा पाठ आहे, म्हणून पत्त्यांचे तुकडेही इथे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत दिसतील, आणि टाइपही तसेच करायचे.

रेडिओच्या कुठल्याही संकेतस्थळावर जा. वर बोधचिन्ह असतं, बाजूला जाहिराती, खाली कार्यक्रमांची चित्रं आणि मध्ये कुठेतरी त्रिकोणाची खूण असलेलं बटण. आपल्याला वाटतं, आवाज या पानातून येतोय. तसं नसतं. पान म्हणजे नुसता नळ. पाणी येतं ते भिंतीमागच्या पाइपातून, आणि त्या पाइपाला स्वतःचा वेगळा पत्ता असतो. तो पत्ता मिळाला की पानाची गरज उरत नाही. तोच पत्ता दुसऱ्या प्लेअरमध्ये टाकला तरी आवाज येतो. या पत्त्याला आपण ‘थेट दुवा’ म्हणू.

‘दुवा’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. साखळीतली कडी, जोडणारी वस्तू, तो दुवा. आणि कुणी मनापासून दिलेला आशीर्वाद, तोही दुवा. आपल्याला या पाठात पहिला हवा आहे. घरातल्या एखाद्या आजीला बातम्या लावून दिल्यात तर दुसराही मिळेल.

पूर्वी हे शोधावंच लागत नसे, कारण पत्ता उघड होता. आकाशवाणी पुणे म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईची अस्मिता वाहिनी म्हणजे ५५८. रेडिओचा काटा त्या आकड्यावर आणायचा, थोडी खरखर सहन करायची, झालं. मात्र तो आवाज ठरावीक अंतरापर्यंतच पोचायचा. दूरच्या देशांतले लोक शॉर्टवेव्हवर ऐकायचे, पण तेही आता कमी होत चाललंय. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबलं. इंटरनेटमुळे अंतराचा प्रश्न सुटला. आज न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून पुणे केंद्र स्वच्छ ऐकू येतं. फक्त काट्याच्या जागी अ‍ॅप आलं, आणि पत्ता अ‍ॅपच्या पोटात गेला.

त्यानं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. तरुण माणसाचं फारसं काही बिघडत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत आले होते. नजर अधू झालेली, वर्तमानपत्र वाचणं बंद, पण सकाळच्या बातम्या ऐकायची पन्नास वर्षांची सवय. मुलानं फोनवर एक रेडिओचं अ‍ॅप घालून दिलं. पहिल्या आठवड्यात सगळं छान चाललं. मग अ‍ॅप म्हणालं, ‘नवी आवृत्ती घ्या’. नंतर म्हणालं, ‘तुमचं स्थान कळवायची परवानगी द्या’. मग मध्येच मोठ्या आवाजात जाहिरात. आजोबांना यातलं काही वाचता येत नव्हतं. घरातली सगळी कामावर आणि शाळेत गेलेली. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, फोन बाजूला ठेवला आणि बातम्या ऐकणं सोडून दिलं. घरच्यांच्या लक्षात यायला महिना गेला. शेवटी त्या मुलीनंच थेट दुवा शोधून तो एका साध्या प्लेअरमध्ये घातला. यादीत एकच नाव, बोट ठेवलं की आवाज. ती तेव्हा सातवीत होती. म्हणजे हे काम अवघड नाही.

थेट आणि साठवलेलं

शोधायला बसण्याआधी आपल्याला काय हवंय ते ठरवा. बातम्यांचा आवाज दोन प्रकारांनी मिळतो.

पहिला प्रकार साठवलेल्या बातमीपत्राचा. दहा मिनिटांचं बातमीपत्र प्रसारित झालं की त्याची ध्वनिफीत संकेतस्थळावर ठेवतात. (फीत आता नसते, फाइल असते, पण शब्द टिकलाय.) ही फाइल बहुधा एमपी३ असते. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, ती उतरवून घेता येते, पुन्हा ऐकता येते. दुसरा प्रकार थेट प्रवाहाचा. त्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. तुम्ही जोडले गेलात की त्या क्षणी जे चाललंय ते ऐकू येतं, मग ते भावगीत असो नाहीतर शेतकऱ्यांसाठीचा हवामान सल्ला.

थेट प्रवाह ऐकायचा तर घड्याळाचं गणित करावं लागतं. समजा, पुण्याची बातमी सकाळी सातच्या सुमाराची आहे. दुबईत आणि मॉरिशसमध्ये तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे लवकर उठणाऱ्यांची सोय आहे. लंडनमध्ये हिवाळ्यात रात्रीचा दीड आणि उन्हाळ्यात अडीच, म्हणजे विसराच. न्यू जर्सीत मात्र मजा आहे. तिथे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. उद्या सकाळची बातमी आज रात्री जेवता जेवता ऐकायची! लंडनच्या मुलांनी आणि इस्रायलमधल्यांनी साठवलेल्या बातमीपत्राकडे वळावं, हे माझं स्पष्ट मत.

साठवलेल्या फाइलचा दुवा शोधणं सर्वांत सोपं. आकाशवाणीच्या वृत्तसेवेचं ‘न्यूज ऑन एअर’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे प्रादेशिक बातमीपत्रांच्या विभागात भाषा आणि केंद्र निवडलं की फायली मिळतात. ऐकण्याच्या खुणेवर किंवा ‘डाउनलोड’ शब्दावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘कॉपी लिंक अ‍ॅड्रेस’ निवडा. जो पत्ता मिळेल त्याच्या शेवटी एमपी३ असेल तर काम झालं. पॉडकास्ट असेल तर आणखी एक वाट आहे. प्रत्येक पॉडकास्टच्या मागे आरएसएस नावाची एक साधी मजकुराची फाइल असते, आणि तिच्यात प्रत्येक भागासाठी ‘एन्क्लोजर’ नावाची ओळ असते. एन्क्लोजर म्हणजे पत्रासोबत पाकिटात घातलेली वस्तू. त्या ओळीत आवाजाचा पत्ता उघडा लिहिलेला असतो. अमेरिकेतल्या एनपीआरचं दर तासाचं पाच मिनिटांचं बातमीपत्र अशाच वाटेनं जगभरच्या प्लेअरांत पोचतं.

पडद्यामागे डोकावणं

आता थेट प्रवाह. इथे उजवं बटण चालत नाही, कारण पत्ता पानावर लिहिलेला नसतो. बटण दाबल्यावर पानातली आज्ञावली तो मागवते. म्हणून ब्राउझरला विचारायचं, ‘बाबा रे, तू आत्ता कुणाकुणाशी बोललास?’ ब्राउझर खरं सांगतो. त्याच्याकडे सगळी नोंद असते.

क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये रेडिओचं पान उघडा. बटण अजून दाबू नका. कीबोर्डवर एफ१२ दाबा. मॅक असेल तर कमांड, ऑप्शन आणि आय एकत्र. पडद्याचा एक भाग बाजूला सरकून तिथे बरीच इंग्रजी अक्षरं दिसू लागतील. घाबरू नका. इथे बघण्यानं काही बिघडत नाही, पान पुन्हा उघडलं की सगळं पूर्ववत होतं. वरच्या पट्टीत ‘नेटवर्क’ शब्द शोधून त्यावर जा. यादी रिकामी असेल. आता पानावरचं ऐकण्याचं बटण दाबा.

यादी भराभर भरायला लागेल. चित्रं, जाहिराती, मोजदाद करणाऱ्या कंपन्या... एवढ्याशा बातमीसाठी पान किती जणांशी बोलतं ते पाहून पहिल्यांदा मीही चाट पडलो होतो. या गर्दीतून आपला माणूस ओळखायचा आहे. वर ‘मीडिया’ नावाची चाळणी असते, ती लावा. जुन्या पद्धतीचा प्रवाह असेल, म्हणजे शाउटकास्ट किंवा आइसकास्ट या प्रणालींवरचा, तर इथे एकच ओळ दिसेल आणि ती संपणारच नाही. बाकीच्या ओळी काही क्षणांत पूर्ण होतात, ही मात्र वाहतच राहते. तोच आपला प्रवाह.

पुष्कळदा ‘मीडिया’त काहीच दिसत नाही आणि मुलं इथे हात टेकतात. तेव्हा चाळणी काढून पुन्हा ‘ऑल’ करा, आणि शेजारच्या शोधचौकटीत ‘एम३यू८’ टाइप करा. नव्वद टक्के वेळा, असं आकड्यात सांगणार नाही, पण बहुतेक वेळा तिथेच गाठ पडते. आकाशवाणीचे थेट प्रवाह मी जेव्हा जेव्हा तपासले तेव्हा ते याच प्रकारचे निघाले. त्या ओळीवर माउसचं उजवं बटण, मग ‘कॉपी’, मग ‘कॉपी यूआरएल’. पत्ता मिळाला.

लगेच तपासून बघा. व्हीएलसी नावाचा एक मोफत प्लेअर आहे, त्यात कंट्रोल आणि एन दाबलं की पत्ता टाकायची चौकट उघडते. मॅकवर कमांड आणि एन. पत्ता चिकटवा, ‘प्ले’ दाबा आणि पाच-दहा सेकंद धीर धरा. ब्राउझर पूर्ण बंद करूनही आवाज चालू राहिला तर दुवा खरा.

हे एम३यू८ काय आहे?

नाव विचित्र आहे, पण गोष्ट साधी. एम३यू म्हणजे प्लेअरसाठी केलेली वाजवायच्या गोष्टींची यादी. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याच्या हातात वाढायच्या पदार्थांचा कागद असतो ना, तसा. कागद खाता येत नाही, पण त्यावरून पुढे काय वाढायचं ते कळतं. शेवटचा आठ हा आकडा सांगतो की यादी यूटीएफ-८ या पद्धतीनं लिहिली आहे. म्हणजे तिच्यात देवनागरीसुद्धा चालते. याचा उपयोग पुढे करू.

थेट प्रसारणात आवाजाचे काही काही सेकंदांचे तुकडे करतात, आणि यादीत फक्त शेवटच्या काही तुकड्यांची नावं असतात. प्लेअर ते तुकडे उतरवून एकापुढे एक वाजवतो आणि यादी पुन्हा मागवतो. तोवर यादीत नवे तुकडे आलेले असतात. अशी सतत वाढपी आणि आचारी यांची ये-जा चालू. या पद्धतीला एचएलएस म्हणतात आणि ती अ‍ॅपलनं २००९ मध्ये आणली. सफारी ब्राउझरमध्ये असा पत्ता टाकला की तो सरळ वाजतो. इतर ब्राउझरांत कधी कधी वाजण्याऐवजी छोटीशी फाइल उतरते. तसं झालं तर ती वहीच्या साध्या अ‍ॅपमध्ये उघडून बघा, यादी डोळ्यांनी दिसेल.

तुकडे गोळा करण्यात वेळ जातो. त्यामुळे इंटरनेटवरचा आवाज खऱ्या रेडिओपेक्षा मागे असतो, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायची सवय असलेल्या आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

दुवे मरतात

इथे जरा सावध राहा. थेट दुवा कायमचा नसतो. केंद्रानं सेवा पुरवणारी कंपनी बदलली, प्रणाली बदलली, की पत्ता बदलतो, आणि ते तुम्हाला कुणी कळवत नाही. म्हणूनच या पाठात मी एकही तयार पत्ता दिलेला नाही. तुम्ही हे वाचाल तोवर तो बंद पडलेला असू शकतो. शोधायची रीत मात्र वर्षानुवर्षं तीच आहे.

काही पत्ते तर तासाभरात मरतात. पत्त्यात मध्येच प्रश्नचिन्ह आणि त्यानंतर अक्षरांची लांबलचक शेपटी दिसली तर ती नीट बघा. तिच्यात ‘टोकन’ किंवा ‘एक्स्पायर्स’ असे शब्द असतील तर तो तात्पुरता पास आहे, सिनेमाच्या तिकिटासारखा. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं काढून उरलेला पत्ता व्हीएलसीत टाकून पाहा. वाजला तर तोच छोटा पत्ता जपून ठेवा. नाही वाजला तर केंद्राला ते नको आहे असं समजा आणि त्यांच्या पानावरूनच ऐका. पैसे भरून किंवा खातं उघडून ऐकायच्या सेवेचं कुलूप तोडायला हा पाठ नाही. तसंच, सापडलेला दुवा घरच्यांसाठी वापरणं वेगळं आणि तोच आवाज आपल्या नावानं पुन्हा प्रसारित करणं वेगळं. दुसरं करायला परवानगी लागते.

प्लेअरनं नकार दिला तर आकडा वाचा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. ४०३ म्हणजे माणूस घरात आहे पण दार उघडत नाही. बऱ्याचदा तो कार्यक्रम तुमच्या देशासाठी खुला नसतो.

एवढी खटपट करायची नसेल तर ‘रेडिओ ब्राउझर’ नावाची एक सार्वजनिक सूची आहे. जगभरचे हौशी लोक तिच्यात केंद्रांचे थेट पत्ते भरतात, आणि पत्ता चालू आहे का, आवाज कोणत्या प्रकारचा आहे, हेही तिथे दिसतं. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. पण मोफत रेडिओ दुवे देतो म्हणून काहीतरी बसवून घ्यायला सांगणाऱ्या पानांपासून लांब राहा.

आपली स्वतःची यादी

सापडलेले पत्ते लक्षात राहण्यासारखे नसतात. आकाशवाणीच्या पत्त्यांत तर केंद्राच्या नावाऐवजी नुसता क्रमांक दिसतो. म्हणून नाव आपण द्यायचं. नोटपॅड उघडा. पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह आणि त्याला चिकटून मोठ्या रोमन अक्षरांत ‘एक्स्ट-एम३यू’ (म्हणजे ई, एक्स, टी, एम, तीन, यू). दुसऱ्या ओळीत हॅश, ‘एक्स्टिन्फ’ (ई, एक्स, टी, आय, एन, एफ), अपूर्णविराम, वजा एक, स्वल्पविराम आणि मग नाव, खुशाल मराठीत: ‘पुणे – सकाळच्या बातम्या’. तिसऱ्या ओळीत पत्ता. पुढच्या केंद्रासाठी पुन्हा नावाची आणि पत्त्याची ओळ. फाइल साठवताना यूटीएफ-८ निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘एम३यू८’ लिहा. ती व्हीएलसीत उघडली की तुमची केंद्रं मराठी नावांनी दिसतील. ही फाइल फोनवर पाठवली तर तिथल्या व्हीएलसीतही चालते.

आजी-आजोबांच्या फोनवर मोजका डेटा असेल तर हिशेब करून द्या. आवाज सेकंदाला ६४ किलोबिटचा असेल तर तासाला ६४ गुणिले ३६०० भागिले ८, म्हणजे २८.८ मेगाबाइट. दहा मिनिटांच्या बातम्यांना ४.८. एखादा छोटा व्हिडिओ पाहण्यापेक्षा कितीतरी कमी.

मजकूर आणि आवाज एकत्र

आपल्या शाळेसाठी खरा खजिना पुढेच आहे. ‘न्यूज ऑन एअर’वर प्रादेशिक बातमीपत्रांचा नुसता आवाजच नाही, तर लिखित मजकूरही असतो. त्याच दिवसाचा, त्याच केंद्राचा मजकूर समोर ठेवून आवाज ऐका. मी मराठी माध्यमात शिकलो. आमच्या परिपाठात रोज एकाला ठळक बातम्या वाचायला लागायच्या, आणि जोडाक्षरांवर अडखळणं तिथेच सुटलं. तुम्हाला परदेशात परिपाठ नाही, पण रोज बातम्या वाचणारा पट्टीचा आवाज मात्र फुकट मिळतो. तो कुठे थांबतो, कुठला शब्द उचलून म्हणतो, ते ऐका.

बातम्यांची भाषा घरातल्या भाषेपेक्षा वेगळी असते, हेही कळेल. घरी कुणी काही ‘म्हणतं’, बातमीत मंत्री ‘प्रतिपादन करतात’. घरी पाणी ‘सोडतात’, बातमीत धरणातून ‘विसर्ग’ होतो. तुम्हाला विसर्ग म्हणजे ‘दुःख’मधली दोन टिंबं एवढंच माहीत असेल. पावसाळ्यातलं पुण्याचं एक बातमीपत्र ऐका, हा शब्द कायमचा लक्षात राहील.

करून पाहा

१. तुमच्या शहरात आज पुण्यातले सकाळचे सात केव्हा वाजतील? तारीख आणि वेळ, दोन्ही लिहा.

२. साठवलेल्या एका मराठी बातमीपत्राचा थेट दुवा आणि एका मराठी केंद्राच्या थेट प्रवाहाचा दुवा शोधा. दोन्ही व्हीएलसीत वाजवून पाहा. पत्त्यांच्या शेवटात काय फरक दिसला?

३. पुढील शब्द या पाठात कोणत्या अर्थानं आले आहेत ते आपल्या शब्दांत सांगा: दुवा, चाळणी, शेपटी, प्रवाह.

४. ‘हात टेकणे’ आणि ‘चाट पडणे’ हे वाक्प्रचार वापरून रेडिओ किंवा फोनबद्दल एकेक वाक्य लिहा.

५. एका बातमीपत्राचा मजकूर आणि आवाज मिळवा. आधी नुसतं ऐका, मग मजकुरावर बोट ठेवून ऐका. घरात कधीच न ऐकलेले पाच शब्द लिहून आणा. अर्थ आधी घरच्या मोठ्यांना विचारा, शब्दकोश नंतर.

६. घरी किंवा ओळखीत कुणी ज्येष्ठ असतील तर त्यांना विचारा: तुम्ही लहानपणी कोणतं केंद्र, किती वाजता ऐकायचात? त्या केंद्राचा दुवा शोधून तुमच्या यादीत घाला आणि पुढच्या रविवारी वर्गात यादी दाखवा.